सर्व्हो पंप लावला तर वीज नक्की किती वाचेल? हायड्रॉलिक मशीनचा सेकंदासेकंदाचा हिशोब

"सर्व्हो लावा साहेब, साठ टक्के वीज वाचेल." इंजेक्शन मोल्डिंगचं, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक मोल्डमध्ये (साच्यात) दाबून पार्ट काढायचं शॉप असेल तर हे वाक्य कोणीतरी कधीतरी ऐकवतंच. सर्व्हो म्हणजे हवं तेवढंच फिरणारी मोटर लावलेला तेलाचा पंप. आकडा खोटा असतो असं नाही, कुठल्यातरी मशीनवर कुठल्यातरी मोल्डवर तेवढी वाचलेली असतेच. पण तुमच्या मशीनवर तुमचा मोल्ड चढवल्यावर किती वाचेल हे त्यावरून कळत नाही, त्यासाठी सायकल उघडून बघावी लागते, कुठल्या सेकंदाला मशीनला किती तेल लागतं, किती प्रेशरला लागतं आणि पंप प्रत्यक्षात किती देतो. हे कॉम्प्युटरवर मांडून बघणं म्हणजे एनर्जी सिम्युलेशन. नाव ऐकून घाबरायला होतं पण पहिली पायरी एक्सेलमध्ये होते आणि मला विचाराल तर निम्म्याहून जास्त प्रश्नांची उत्तरं त्या पहिल्या पायरीवरच मिळतात.

आधी एकच सूत्र, त्याच्याशिवाय पुढे जाता येणार नाही. प्रेशर बारमध्ये घ्या, फ्लो लिटर पर मिनिटमध्ये घ्या, दोन्हीचा गुणाकार करा, ६०० ने भागा, उत्तर किलोवॅटमध्ये. १२० बारला १०० लिटर म्हणजे २० किलोवॅट. ६०० कुठून आले तर एककं बदलताना आले, त्यात काही गूढ नाही.

दुसरी गोष्ट जी शॉपमध्ये बरेच जण उलटी समजून चालतात: पंप प्रेशर "बनवत" नाही, पंप तेल ढकलतो, प्रेशर तयार होतं ते पुढे काहीतरी अडवतंय म्हणून. समोर सिलेंडर मोकळा पळत असेल तर प्रेशर कमी, सिलेंडर मोल्डला टेकला की चढलं. म्हणजे फ्लो पंप ठरवतो, प्रेशर लोड ठरवतो, आणि बिल या दोघांचा गुणाकार ठरवतो. पॅनेलवर प्रेशर १४० दिसलं म्हणून मशीन खूप वीज खातंय असं लगेच म्हणता येत नाही, फ्लो किती आहे ते बघायला पाहिजे.

आता उदाहरण घेऊ. मोल्ड दोनशे टनांच्या आसपास जोराने बंद धरणारं साधं टॉगल मशीन (सांध्याच्या दांड्यांनी मोल्ड लॉक करणारं) धरा, आकडे मी हिशोबाला सोपे जावेत म्हणून गोल घेतलेत, तुमच्या मशीनचे वेगळे असतील. २२ किलोवॅटची इंडक्शन मोटर, १४५० आरपीएमला फिरणारी, तिला एका फेऱ्यात ७० सीसी तेल देणारा फिक्स पंप. ७० गुणिले १४५० म्हणजे मिनिटाला साधारण १०० लिटर. सायकल ३० सेकंदांची.

पहिले २ सेकंद मोल्ड बंद होतो, ६० बार आणि ८० लिटर लागतात. मग १ सेकंद क्लॅम्प लॉक व्हायला, १४० बार पण फक्त २० लिटर. मग इंजेक्शन २ सेकंद, १२० बारला ९० लिटर, मशीनचा सगळ्यात जोराचा क्षण हाच. मग होल्डिंग ५ सेकंद, म्हणजे मटेरियल आकसू नये म्हणून प्लास्टिक पुढे ढकलणारा स्क्रू ६० बारने दाबून नुसता उभा असतो, हलत जवळजवळ नाही, ३ लिटर लागले तर लागले. मग रिफिलिंग ७ सेकंद, हायड्रॉलिक मोटर स्क्रू फिरवून पुढच्या शॉटचं मटेरियल भरते, ७० बार ६० लिटर. त्यानंतर १० सेकंद नुसतं कूलिंग, पार्ट गार होतोय, हायड्रॉलिकला काहीही काम नाही. शेवटी मोल्ड उघडायला २ सेकंद ५० बार ८० लिटर, आणि इजेक्टर १ सेकंद ४० बार ३० लिटर. टॉगल असल्यामुळे क्लॅम्प एकदा लॉक झाला की धरून ठेवायला वेगळं तेल लागत नाही, हा या मशीनचा फायदा.

प्रत्येक टप्प्याचे किलोवॅट काढा, सेकंदांनी गुणा, किलोज्यूल मिळतात (३६०० किलोज्यूल म्हणजे आपलं एक युनिट). मोल्ड बंद १६, क्लॅम्प ४.७, इंजेक्शन ३६, होल्डिंग दीड, रिफिलिंग ४९, कूलिंग शून्य, मोल्ड उघडणं १३.३, इजेक्टर २. सगळे मिळून १२२ किलोज्यूल. म्हणजे एक शॉट काढायला मशीनला खरी गरज एवढीच.

आता पंप काय देतो ते बघा. फिक्स पंप आहे, मोटर १४५० ने फिरतेय, त्यामुळे गरज असो नसो १०० लिटर येणारच. जास्तीचं तेल पी-क्यू व्हॉल्व्हमधून (प्रेशर आणि फ्लो सांभाळणारा व्हॉल्व्ह) टाकीत परत जातं, पण ते बिलाशिवाय जात नाही, त्या वेळी लोडचं जे प्रेशर असेल त्या प्रेशरवरून खाली पडतं. बिल्डिंगच्या गच्चीवरची टाकी भरलीय, खालचा पंप चालूच आहे आणि ओव्हरफ्लोचं पाणी परत खालच्या टाकीत येतंय, अगदी तसंच, चढवायला वीज लागली आणि काम शून्य. पाणी जितक्या उंच चढवून सांडलं तितकी वीज जास्त गेली, आणि इथे प्रेशर म्हणजेच ती उंची.

व्हॉल्व्हला स्वतःला चालायला थोडं जास्तीचं प्रेशर लागतं, ते ८ बार धरू. म्हणजे होल्डिंगला पंप ६८ बारवर १०० लिटर देतोय, ११.३ किलोवॅट, पाच सेकंद. गरज होती ०.३ किलोवॅटची! कूलिंगमध्ये मात्र व्हॉल्व्ह अनलोड होतो, तेल फक्त ८ बारवर फिरत राहतं, १.३ किलोवॅट. असं सगळं जोडलं की पंपाच्या तोंडाशी २७८ किलोज्यूल होतात. त्यावर पंपाचं आणि मोटरचं स्वतःचं नुकसान: मोटर नुसती फिरवायला, तिचा पंखा, लोखंडातला लॉस, पंपाचं घर्षण, हे सगळं मिळून २.५ किलोवॅट कायम धरले आणि वर हायड्रॉलिक पॉवरच्या १२ टक्के धरले तर मीटरवर सायकलला ३८७ किलोज्यूल. सरासरी १२.९ किलोवॅट. म्हणजे भरलेल्या विजेतली ३२ टक्के कामाला आली. ऐकायला वाईट वाटतं ना, पण अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीच्या २०१२ च्या अहवालात तिथल्या सगळ्या फ्लुइड पॉवरची (तेलाच्या किंवा हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांची) सरासरी कार्यक्षमता २२ टक्के काढलीय, त्यामुळे आपलं मशीन काही जगावेगळं नाही.

(आणि हे पी-क्यू व्हॉल्व्हवालं मशीन झालं हां. एखाद्या जुन्या मशीनवर साधा रिलीफ व्हॉल्व्ह (ठरलेल्या प्रेशरला जास्तीचं तेल सोडणारा) १४० बारला सेट करून ठेवलेला असेल आणि होल्डिंगचं प्रेशर पुढे रिड्युसिंग व्हॉल्व्हने कमी केलेलं असेल तर त्याच पाच सेकंदांत पंप २३ किलोवॅट देत बसतो.)

आता त्याच सायकलवर सर्व्हो पंप चढवू. इथे मोटर परमनंट मॅग्नेटची, ड्राइव्ह तिला हवं तेवढंच फिरवतो, म्हणजे ८० लिटर लागले तर ८० लिटरचा आरपीएम, काही नको असेल तर जवळजवळ थांबलेली. व्हॉल्व्हचे ८ बार इथेही धरू, ड्राइव्ह, मोटर, पंप सगळ्यांचं मिळून नुकसान हायड्रॉलिक पॉवरच्या ३० टक्के धरू, मुद्दाम जरा जास्त धरलंय, इलेक्ट्रॉनिक्सला कायम ०.३ किलोवॅट धरू, आणि होल्डिंगमध्ये मोटर फिरत नसली तरी जोर लावून उभी असते, वाइंडिंगमधून करंट जातच असतो, त्याचे तिथल्या तेलाच्या कामासकट १.५ किलोवॅट. बेरीज येते १९१ किलोज्यूल. ३८७ वरून १९१. वीज निम्म्याहून थोडी कमी लागली, म्हणजे ५१ टक्के बचत.

बेरजेपेक्षा फोड जास्त मजेशीर आहे. १९६ किलोज्यूल वाचले ते कुठे वाचले? इंजेक्शनमध्ये, जिथे मशीन सगळ्यात जास्त जोर लावतं तिथे, वाचले फक्त २. कारण तिथे पंप ९० टक्के वापरातच होता, वाया घालवायला शिल्लकच नव्हतं. मोल्ड बंद-उघड मिळून १२. कूलिंगच्या १० सेकंदांत ३७. रिफिलिंगमध्ये ४६. आणि होल्डिंगच्या फक्त ५ सेकंदांत ६७! एक तृतीयांश बचत अशा वेळेतून आली जेव्हा मशीन हलत नाही, नुसतं दाबून धरतं. क्लॅम्प लॉकचा एक सेकंद बघा, त्यातही २३ वाचले, कारण प्रेशर भरपूर पण फ्लो किरकोळ. नियम सरळ निघतो: जिथे प्रेशर जास्त आणि फ्लो कमी तिथे फिक्स पंप पैसे जाळतो. कूलिंग लांब आहे म्हणून सर्व्हो लावा असं सगळे सांगतात, पण कूलिंगमध्ये व्हॉल्व्ह नीट अनलोड होत असेल तर तिथलं नुकसान तितकं भयंकर नसतं. तुमच्या मशीनवर अनलोड नीट होतोय का हे आधी प्रेशर गेजवर बघा, ३० बार दिसत असेल तर तो एक वेगळाच खर्च आहे आणि तो सर्व्हो न लावताही बंद करता येतो.

मधला पर्याय व्हेरिएबल पिस्टन पंपाचा. मोटर १४५० नेच फिरते पण पंप स्वतःचा स्ट्रोक कमी-जास्त करतो, त्यामुळे जास्तीचं तेल येतच नाही. त्याच सायकलवर माझ्या हिशोबाने २५० किलोज्यूलच्या आसपास येतं, म्हणजे पस्तीसेक टक्के बचत, मोटर कायम फिरत असल्यामुळे तिचा कायमचा लॉस तेवढा राहतो. जुन्या मोटरलाच व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) लावायचा हाही एक जुगाड चालतो, तो होतो पण व्हेन पंप (रोटरमधून बाहेर सरकणाऱ्या पात्यांचा) असेल तर आरपीएम फार खाली नेता येत नाही, व्हेन बाहेर फेकल्या जात नाहीत नीट आणि ल्युब्रिकेशनही जातं, शिवाय जड रोटरची इंडक्शन मोटर वेग बदलायला सर्व्होइतकी चपळ नसते, म्हणून शॉट टू शॉट फरक दिसू शकतो.

आता टक्क्यांची गंमत. समजा त्याच मशीनवर पातळ डब्याचा मोल्ड चढवला, कूलिंगचे ते १० सेकंद गेले आणि होल्डिंग ५ वरून १ सेकंदावर आलं, बाकी सगळं तेच. सायकल १६ सेकंदांची झाली. फिक्स पंपाला २८६ किलोज्यूल, सर्व्होला १८०. बचत ३७ टक्के. ५१ वरून ३७, म्हणजे फायदा घटला असं कोणीही म्हणेल. पण तासाचा हिशोब करा: आधी तासाला १२० शॉट, प्रत्येकी १९६ किलोज्यूल वाचले म्हणजे तासाला साडेसहा युनिट. आता तासाला २२५ शॉट, प्रत्येकी १०६ वाचले, म्हणजे ६.६ युनिट. रुपयांत दोन्ही सारखंच! पर पार्ट बघाल तर मात्र बचत जवळजवळ निम्मी झालीय. म्हणून कोणी टक्के सांगितले की विचारायचं, कशाचे टक्के, तासाचे की पार्टचे, आणि कुठल्या सायकलवर. युरोपात मशीनवाल्यांची युरोमॅप ६०.१ नावाची पद्धत आहे, त्यात ठरवून दिलेल्या परिस्थितीतच मशीन चालवून मोजायचं आणि मग वीज किती खातं त्यावरून क्लास द्यायचा, ते याच भानगडीसाठी. वर्षाला ६००० तास मशीन चालतं आणि युनिट ९ रुपयांनी धरलं तर साडेसहा युनिट म्हणजे वर्षाचे साधारण साडेतीन लाख. हा आकडा घेऊन सर्व्होच्या कोटेशनशेजारी ठेवला की बोलणं सुरू करता येतं.

आतापर्यंत जे केलं ती सिम्युलेशनची उलटी पद्धत. म्हणजे सिलेंडरला काय करायचंय ते आधीच माहीत धरलं आणि तिथून मागे मागे मीटरपर्यंत आलो, प्रत्येक पायरीला नुकसान वाढवत. यात वेळ फक्त टप्प्याटप्प्याने पुढे सरकतो, एका टप्प्यात सगळं स्थिर मानलेलं असतं. एनर्जीच्या प्रश्नाला बहुतेक वेळा हे पुरतं, आणि चुकलं तर कुठे चुकलं ते एका नजरेत दिसतं, हा त्याचा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

सुलटी पद्धत वेगळी. तिथे तुम्ही मशीन जसंच्या तसं बांधता, मोटर, पंप, पाइप, व्हॉल्व्ह, सिलेंडर, वजन, घर्षण, कंट्रोलर, आणि कंट्रोलरला फक्त कमांड देता, सिलेंडर किती पळाला, प्रेशर किती चढलं हे सॉफ्टवेअर सोडवून सांगतं. प्रत्येक पाइपच्या तुकड्यासाठी एक समीकरण: आत किती तेल आलं वजा बाहेर किती गेलं, त्या फरकाने प्रेशर किती वेगाने बदलेल. आणि इथेच त्रास सुरू होतो, कारण तेल जवळजवळ दबतच नाही, १०० बारला साधारण ०.७ टक्के. त्यामुळे १०० मिलिलिटरच्या छोट्याशा जागेत मिनिटाला फक्त १ लिटर इतका फरक पडला तरी प्रेशर सेकंदाला २३०० बार या वेगाने पळायला लागतं. सॉफ्टवेअरला मग बारीक बारीक पावलं टाकावी लागतात, मिलिसेकंदाच्याही खाली, आणि ३० सेकंदांची सायकल सोडवायला कॉम्प्युटर घाम गाळतो. यावर उपायही जुना आहे, स्वीडनच्या लिंशोपिंग विद्यापीठात १९७७ पासून वाढत गेलेलं हॉपसॅन नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्यात पाइपमधून प्रेशरची लाट जायला जो खरोखरचा वेळ लागतो तोच वापरून दोन टोकांचे पार्ट एकमेकांपासून सुटे केलेत, त्यामुळे प्रत्येक पार्टचं गणित वेगळं सोडवता येतं. हॉपसॅन ओपन सोर्स आहे, ओपनमॉडेलिकाही फुकट आहे. पैसे मोजायची तयारी असेल तर अ‍ॅमेसिम, सिमस्केप वगैरे आहेतच, त्यांच्या लायब्ररी तयार मिळतात एवढाच मोठा फरक, फिजिक्स सगळीकडे तेच.

मग सुलटी पद्धत लागते कधी? सर्व्होने वेग वाढवताना मोटरच्या आणि पंपाच्या जडपणावर किती वीज जाते, प्रेशर ओव्हरशूट होतं का (हवं त्याच्या वर उडी मारतं का), मोटर कितीची निवडायची, अ‍ॅक्युम्युलेटर (गॅसच्या दाबाखाली तेल साठवणारी टाकी) लावला तर नायट्रोजन किती भरायचा, असे प्रश्न असतील तर लागतेच. सुरुवात तिथून केली तर मात्र तीन आठवडे मॉडेल चालवण्यातच जातात आणि होल्डिंगमध्ये किती जळतंय हा साधा प्रश्न तसाच राहतो.

मोठी प्रेस असेल तर तेल दबण्याचा हिशोब एनर्जीतही धरावा लागतो हे सांगून ठेवतो. सिलेंडर आणि पाइप मिळून २०० लिटर तेल २५० बारला दाबलं तर ते साडेतीन लिटरने आकसतं, त्या दाबण्यात साधारण ४५ किलोज्यूल साठतात, आणि स्ट्रोक संपल्यावर डीकॉम्प्रेशनच्या वेळी ते सगळे व्हॉल्व्हमध्ये उष्णता होऊन जातात, प्रत्येक स्ट्रोकला. तेलात हवेचे बुडबुडे असतील तर आणखी जास्त. आपल्या मोल्डिंग मशीनमध्ये दाबाखाली येणारं तेल दहाएक लिटर, तिथे हा आकडा १ किलोज्यूलच्या आत येतो, सोडून दिला तरी चालतं.

मॉडेल फसवतं कुठे तर सगळ्यात आधी पंपाच्या एफिशियन्सीत. कॅटलॉगमध्ये ९० टक्के लिहिलेलं असतं, ते पंप त्याच्या मनासारख्या प्रेशरला आणि वेगाला फिरत असताना. कमी वेग, कमी फ्लो अशा कोपऱ्यात तीच एफिशियन्सी निम्म्यावर येऊ शकते, कारण गळती आणि घर्षण फ्लोबरोबर कमी होत नाहीत. म्हणून एक आकडा सगळीकडे लावला की फिक्स पंप आहे त्यापेक्षा बरा दिसतो आणि सर्व्होचं होल्डिंग तर फुकट दिसतं. वर मी टक्क्यांबरोबर कायमचे किलोवॅट वेगळे धरले ते याचसाठी. बनवणाऱ्याकडून एफिशियन्सी मॅप मागा, म्हणजे प्रेशर आणि आरपीएमच्या प्रत्येक जोडीला एफिशियन्सी किती, चांगली कंपनी देते. नाहीच दिला तर कायमचा लॉस अधिक टक्केवारी अशी जोडी वापरा, एका सपाट आकड्यापेक्षा ती खूप बरी.

दुसरं तेलाचं तापमान. व्हीजी ४६ तेल म्हणजे ४० डिग्रीला ४६ सेंटिस्टोक (तेलाच्या जाडपणाचं माप), तेच ६० डिग्रीला वीसच्या आसपास येतं. पंपाच्या आतली गळती जाडपणाच्या उलट चालते, म्हणजे तेल २० डिग्रीने तापलं की गळती दुप्पट. आणि तेल तापतं कशाने, तर आपण जे वाया घालवलं त्यानेच. आपल्या फिक्स पंपाच्या सायकलमध्ये तेलात कायम ६ ते ७ किलोवॅट उष्णता जातेय. टाकीत २०० लिटर तेल असेल आणि कूलर बंद पडला, तर साधारण ५० सेकंदाला एक डिग्री या वेगाने चढेल, पंधरा-वीस मिनिटांत वीस डिग्री. मे महिन्यात दुपारी ही मशीनं का रुसतात ते यात आलं. आणि या उष्णतेला बाहेर काढायला कूलिंग टॉवरचा पंप, पंखा, कुठे चिलर, त्यांची वीज वेगळीच, ती मशीनच्या मीटरवर दिसतच नाही. सिम्युलेशन मोटरच्या टर्मिनलला थांबवलं तर ही बचत हिशोबातून सुटते.

तिसरी गोष्ट साधी पण रोज होते. सर्व्होचं मॉडेल सरासरी ६.४ किलोवॅट सांगतं, मीटर ११ दाखवतं, लगेच मॉडेल चुकलं म्हणून फाइल बंद. बॅरलचे हीटर त्याच इनकमरवर (मशीनला वीज आणणाऱ्या मुख्य लाइनवर) आहेत हे कोणी बघत नाही. हीटर, ड्रायर, हॉपर लोडर सगळं वेगळं काढून फक्त पंपाच्या मोटरची फीड मोजा.

आणि मोजताना पॅनेलवरचा नेहमीचा एनर्जी मीटर पुरत नाही, तो सायकलभराची सरासरी सांगतो, ती बरोबर आली तरी आतली फोड चुकलेली असू शकते, होल्डिंगमधला जास्तीचा अंदाज इंजेक्शनमधल्या कमी अंदाजाने झाकून जातो. पॉवर अ‍ॅनालायझर पाहिजे जो सेकंदाला निदान पाच-दहा वेळा किलोवॅट नोंदवेल, पंपाच्या आउटलेटला एक प्रेशर ट्रान्सड्यूसर, आणि कंट्रोलरमधून टप्पा कुठला चालू आहे त्याचा सिग्नल. तिन्ही एकाच घड्याळावर. फ्लोमीटर नसला तरी चालतं, फिक्स पंपाला फ्लो आरपीएमवरून कळतो. पंधरावीस सायकल नोंदवा, मशीन गरम झाल्यावर, सकाळी चालू केल्या केल्या नाही. मग मॉडेलचा टप्पावार आलेख त्यावर ठेवा. टप्प्याटप्प्याने जुळलं की मग मोल्ड बदलून बघा, न मोजलेल्या दुसऱ्या मोल्डचा अंदाज आधी लिहून ठेवायचा आणि नंतर मोजायचं. तिथे दहा टक्क्यांच्या आत आलात तर मॉडेल कामाचं आहे असं मी धरतो, त्याहून बारीक नेमकेपणाचा हट्ट करण्यात अर्थ नाही कारण ऑपरेटरने होल्डिंग टाइम दोन सेकंद वाढवला की तेवढा फरक तसाच पडतो.

महाराष्ट्रात एचटी (हाय टेन्शन) कनेक्शन असेल तर बिलाचा एक कोपरा वेगळा आहे. एप्रिल २०२० पासून महावितरण एचटी ग्राहकांना किलोवॅट-अवरवर नाही तर केव्हीए-अवरवर बिल लावतं. केव्हीए म्हणजे व्होल्ट आणि करंटचा नुसता गुणाकार, त्यातला जेवढा भाग कामाला येतो ते किलोवॅट, आणि किलोवॅट भागिले केव्हीए म्हणजे पॉवर फॅक्टर. आपली २२ किलोवॅटची मोटर कूलिंगमध्ये ४ किलोवॅटवर चालतेय, अशा हलक्या लोडला इंडक्शन मोटरचा पॉवर फॅक्टर ०.५ च्याही खाली जातो, म्हणजे ४ किलोवॅटसाठी ८ केव्हीए किंवा जास्त. एपीएफसी पॅनेल (कॅपॅसिटर आपोआप जोडून पॉवर फॅक्टर सुधारणारं) बरंच सांभाळून घेतं पण सायकल सेकंदासेकंदाला बदलते आणि कॅपॅसिटरचे कॉन्टॅक्टर तेवढ्या वेगाने मागे पळू शकत नाहीत. त्यामुळे मॉडेलमध्ये किलोवॅटच्या शेजारी केव्हीएचा एक कॉलम ठेवाच. सर्व्हो लावल्यावर हा प्रकार बदलतो, पॉवर फॅक्टरपेक्षा हार्मोनिक्सचा (करंटच्या लाटेचा आकार बिघडण्याचा) विषय पुढे येतो, आणि एका शॉपमध्ये दहा-बारा सर्व्हो झाले की कॅपॅसिटर बँकेला डीट्यून्ड रिअ‍ॅक्टर (हार्मोनिक्सपासून कॅपॅसिटर वाचवणाऱ्या कॉइल) आहेत का ते आधी बघून घ्यावं लागतं.

सर्व्हो लागल्यावर आणखी एक गोष्ट होते जी कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही. तेल तापायचं कमी होतं. आधी कूलरचा पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असायचा, तो तसाच राहिला तर थंडीच्या दिवसांत तेल ३० डिग्रीच्या वर चढतच नाही, जाड राहतं, पंप ओढतो, पहिले काही शॉट शॉर्ट जातात (मोल्ड पूर्ण भरत नाही), आणि ऑपरेटर म्हणतो सर्व्होमुळे मशीन बिघडलं. मॉडेलमध्ये तेलाच्या उष्णतेचं एक समीकरण घातलेलं असेल तर हे आधीच दिसतं: फिक्स पंपासाठी निवडलेला कूलर आता मोठा पडतोय, पाणी कमी करा, थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह बसवा, तेल ४५ ते ५० डिग्रीला धरा.